उघडा झिरा

पिक्चरचं नाव मी घेणार नाही. ज्याला हवं त्याने शिरूरच्या स्टँडवर जाऊन बघावं, रसवंतीच्या भिंतीवर अजून पोस्टर आहे. पोस्टरवर आमचा बालाघाटचा डोंगर आहे, उन्हाने तांबडा झालेला, आणि त्याच्या पायथ्याला हरभऱ्याएवढा एक माणूस आहे. तो माणूस मी आहे. म्हणजे मी असायला हवा होतो. आहे तो गहिनीनाथ.

पेपरात त्या पिक्चरबद्दल छापून आलं, ते माझ्या पोरीने, सायलीने, मला मोठ्याने वाचून दाखवलं. 'कथा अगदी साधी, पण दृश्यं डोळ्यांचं पारणं फेडणारी.' साधी! एक माणूस हरवलेला बैल शोधायला डोंगरात जातो, कपारीवरून घसरतो, घोटा मोडतो आणि तीन दिवस सरपटत सरपटत एकटा जिवंत बाहेर येतो. एवढीच गोष्ट आहे म्हणे. ज्याने हे लिहिलं त्याचा घोटा मोडून त्याला वैशाखात त्या दगडांत टाकायला हवं होतं आणि तिसऱ्या दिवशी जाऊन विचारायला हवं होतं, सांग आता, साधी का अवघड?

ही आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. बैल दुसऱ्याच दिवशी आपला आपण घरी आला होता. मी तिसऱ्या दिवशी आलो.

तेव्हापासून आमच्या वाडीत माझी एक ओळख होती. माझी पिठाची गिरणी आहे. दळण घेऊन आलेला माणूस कुठे जाणार? बाजरीचं पायलीभर दळण होईस्तोवर मी पहिल्या दिवसापर्यंत यायचो. ज्वारी टाकली की दुसरा दिवस. बरोबर त्या जागी, जिथे माझी जीभ टाळ्याला चिकटलेली असायची आणि डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, तिथे मी गिरणी बंद करायचो. सगळं एकदम शांत व्हायचं. मग मी म्हणायचो, "आन् मंग मी ह्या हातानी वाळू उकरली." बायाबापड्या हातातलं सूप विसरायच्या. परगावचा पाहुणा आला तरी लोक त्याला गिरणीवर आणायचे आणि सांगायचे, हेच ते अंगदराव, डोंगरातून वाचलेले.

तसंच कुणीतरी पुण्याच्या संस्कृती मॅडमना घेऊन आलं. पिक्चर काढणाऱ्या. वयाने लहान, पायात मोठे बूट, आणि ऐकायची सवय असलेली बाई. त्यांनी पोत्यावर बसून तीन तास माझी गोष्ट ऐकली. त्यांच्या केसांवर पीठ बसलं तरी त्यांनी झटकलं नाही. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "त्या दिवसांतली एखादी वस्तू आहे का तुमच्याकडे?"

मी धावत घरी गेलो. पेटीच्या तळाशी, जुन्या धोतराच्या घडीत, एक पितळी फुलपात्र होतं. पोचे पडलेलं, काठाला चिमटलेलं. ते मी त्यांच्या हातात दिलं. म्हणालो, बैलाला शोधायला गेलो तेव्हा सोबत नेलं होतं, ह्यानेच वाळू उकरली, ह्यानेच पाणी प्यालो. मॅडमनी ते दोन्ही हातांत धरलं आणि उजेडाकडे फिरवून फिरवून बघितलं. त्या फुलपात्राबद्दल मला अजून सांगायचं आहे, पण आधी माझा अपमान कसा झाला ते सांगतो.

मी त्या दिवशी मुद्दाम दाढी केली होती. सहज विचारल्यासारखं विचारलं, "काम कोण करनार पिक्चरमदी?"

मॅडमनी फोन वर धरला, माझा एक फोटो काढला, तो बराच वेळ बघितला. मग म्हणाल्या, "काका, रागावू नका. तुमच्या चेहऱ्यावर तहान दिसत नाही."

काका! मी बेचाळीसचा. आणि तहान दिसत नाही म्हणजे काय? "तवा डोंगरात दिसत व्हती," मी म्हणालो. "तेव्हा मी नव्हते ना इथे," त्या हसून म्हणाल्या.

गहिनीनाथ काळीपिवळी जीप चालवतो. मॅडमना स्टँडवरून त्यानेच आणलं होतं. तो गिरणीच्या दारात उभा राहून माझ्याच माठातलं पाणी पीत होता. मान वर केलेली, गालफडं बसलेली, गळ्याची घाटी खाली-वर होत होती. मॅडमची नजर तिकडे गेली ती तिकडेच राहिली. त्यांनी त्याला सांगितलं, अजून एक तांब्या प्या. माझ्या माठातलं पाणी पिऊन त्या माणसाने माझी जागा घेतली.

पुढे तर कहरच झाला. मॅडम म्हणाल्या, काका, तुम्ही कसं लंगडत चालता ते याला शिकवाल का? मी शिकवलं. दोन दिवस गिरणीच्या मागच्या खळ्यावर मी पुढे आणि गहिनीनाथ मागे. टाच आधी न टेकता चवडा टेकायचा, मग गुडघ्यातून झोल द्यायचा. पोरं बघायला जमायची. तो एवढा चटकन शिकला, की दुसऱ्या दिवशी मला स्वतःचंच लंगडणं खोटं वाटायला लागलं.

पिक्चर परदेशात कुठे कुठे जाऊन आला. गहिनीनाथचा फोटो कोट घातलेला आला. आणि वाडीत एक एक गोष्ट फिरायला लागली. आता दळण घेऊन आलेल्या बाया मलाच सांगायच्या, गहिनीनाथ तीन दिवस उन्हात कसा पडला होता. पोरं ओढ्यात 'गहिनीनाथ-गहिनीनाथ' खेळायची, एक जण पडायचा आणि बाकीचे डोंगर व्हायचे. काम संपून वर्ष झालं तरी गड्याचं लंगडणं काही सुटलं नव्हतं, सवय लागली म्हणायचा. आणि लोक त्याला थांबवून विचारायचे, "पाय कसा हाय आता?" माझा घोटा दर अमावास्येला ठणकतो. आठ वर्षांत पहिल्या दोन-चार महिन्यांनंतर मला कुणी विचारलं नाही.

माझी बायको वनिता एक दिवस फडक्यात धपाटे बांधत होती. मी विचारलं, कुणाला?

"गहिनीभावजींला. लई वाळलेत ओ ते."

"वाळलाय? पैशे घेऊन वाळलाय तो! मी फुकट वाळलो व्हतो."

"तवा बी धपाटेच केलते मी तुमाला," वनिता म्हणाली आणि धपाटे घेऊन गेली.

जळतो म्हणाल तर हो, जळत होतो. सकाळी उठल्यापासून जळायचो. त्याच्या जीपचा हॉर्न वाजला की माझ्या छातीत कळ यायची. आणि सगळ्यात वाईट काय असेल तर तो माणूस चांगला होता. कुणी फोटो काढायला आलं की आधी सांगायचा, "म्या काय केलं? आमच्या अंगदभाऊचं हाय हे समदं. त्यांच्या पायाची धूळ हाय मी." लोक "हो का, हो का" म्हणायचे आणि त्याच्याच गळ्यात हात टाकायचे. त्याने एकदा तरी माझं नाव लपवलं असतं, तर मला जोरात भांडता आलं असतं. तेवढंही सुख त्याने मला दिलं नाही.

आता त्या फुलपात्राचं सांगतो. हे मी वनितालाही सांगितलेलं नव्हतं.

डोंगरातल्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी सरपटत एका कोरड्या ओढ्यात आलो. आमच्याकडे उन्हाळ्यात बाया ओढ्याच्या वाळूत हातभर, दोन हात खड्डा घेतात. खालून पाणी झिरपतं, वाटी वाटीने भरून घ्यायचं. त्याला झिरा म्हणतात. झिरा घेणारी बाई जाताना त्यावर चपटा दगड ओढते आणि दगडावर बाभळीची फांदी टाकते, नाहीतर रानडुकरं लोळून त्याचा चिखल करतात. दुसऱ्याच्या झिऱ्यातलं पाणी प्यायला मनाई नसते. प्यावं, आणि जसा होता तसा झाकून जावं. हे आमच्याकडे पोराला बोलता यायच्या आधी कळतं.

त्या ओढ्यात असा झाकलेला झिरा होता. मी वाळू बिळू काही उकरली नाही. फांदी ओढून काढली, दगड ढकलला, खाली फुलपात्र ठेवलेलं होतं, ते बुडवलं आणि प्यालो. सात वेळा प्यालो. आठव्या वेळी जरा जीवात जीव आला आणि फुलपात्रावरचं कोरलेलं, झिजलेलं नाव उन्हात दिसलं. छबुबाईचं.

छबुबाई आमच्याच वाडीतली. नवरा वारलेला, पोरबाळ नाही, दहा-बारा शेळ्या आणि ती. त्याच्या महिनाभर आधी तिच्या शेळ्या माझ्या कडब्याच्या गंजीत शिरल्या होत्या. मी दगड मारला, तो एका गाभण शेळीच्या कमरेत बसला. मोठं भांडण झालं. पारावर सगळ्यांच्या समोर मी छाती ठोकून म्हणालो होतो, तहानेनं मेलो तरी ह्या बाईच्या हातचं पाणी पिणार नाही.

आणि आता तिच्या झिऱ्यावर पालथा पडलो होतो. तिथेच थांबलो असतो, तर सकाळी ती शेळ्या घेऊन आली असती आणि मला वाचवलं असतं. साऱ्या वाडीला कळलं असतं, अंगद छबुबाईच्या पाण्यावर जगला. मला ते मरणापेक्षा जड वाटलं. मी फुलपात्र भरून घेतलं आणि तसाच सरपटत निघालो. झिरा उघडा राहिला. पाय मोडलेला माणूस दगड कसा ओढणार, असं मी स्वतःला सांगत आलो आहे.

त्या रात्री डुकरं आली. झिऱ्याच्या कडा ढासळल्या, पाणी वाळूखाली बुजलं. त्या वर्षी वाडीत टँकर आठ दिवसांनी येत होता, तोही माणसांपुरता. छबुबाई शेळ्या घेऊन पाण्यासाठी दोन डोंगर पलीकडे गेली. त्या चार दिवसांत तिची एक दुभती शेळी आणि दोन करडं मेली. मी घरी खाटेवर, पायाला बांबूच्या पट्ट्या बांधून पडलो होतो, तेव्हा ती गल्लीतून ओरडत गेली, "माझा झिरा उघडा टाकला त्याचं वाटोळं हुईल!" मी सगळ्यांना सांगितलं होतं की मी पलीकडच्या खोऱ्यात हाताने वाळू उकरली. त्यामुळे माझ्याकडे कुणी बघितलंही नाही. आठ वर्षं झाली, तिने नवा झिरा घेतला की ती त्या माणसाला शिव्या घालते, आणि लोक हसतात. मीही हसायचो.

फुलपात्र फेकून का दिलं नाही, मला माहीत नाही. फेकवत नव्हतं. आणि पिक्चरमध्ये काम मिळावं म्हणून ते मी मॅडमच्या हातात दिलं. त्यावरचं नाव घासून घासून पार झिजलं होतं, बोटाने चाचपलं तरच लागायचं. मला वाटलं, कुणाला काय दिसणार?

दसरा झाला. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी, सगळी माणसं गावात आहेत तोवर, पिक्चर दाखवायचं ठरलं. शिरूरच्या मंगल कार्यालयात, भर दुपारी. खिडक्यांना ताडपत्र्या लावल्या, नवरा-नवरीच्या खुर्च्या बाजूला सारून स्टेजवर पांढरं कापड ताणलं. पिक्चर संपला की गहिनीनाथचा सत्कार होता, शाल आणि श्रीफळ. पत्रिकेवर माझं नाव 'निमंत्रक' लिहून खाली दिलेल्या चौदा जणांत होतं, अकरावं.

पण मी तयारीने गेलो होतो. इस्त्रीचा शर्ट. खिशात कागद, त्यावर भाषण. सत्कार सुरू झाला की उठायचं, माईक हातात घ्यायचा आणि म्हणायचं, बंधू-भगिनींनो, पडद्यावर जो तुम्ही बघितला, तो मी होतो. पहिलं वाक्य एवढंच. मग थांबायचं, गिरणी बंद केल्यासारखं. आठ दिवस मी ते वाक्य घोकत होतो. एकदा सगळ्या तालुक्यासमोर ते म्हटलं, की माझी गोष्ट माझ्याकडे परत आली असती.

पुढच्या रांगेत मॅडम आणि गहिनीनाथ. त्याने मागे वळून मला पुढे बोलावलं, "अंगदभाऊ, हितं या की, माझ्या खुर्चीवर बसा." मी गेलो नाही. त्याच्या मेहेरबानीची खुर्ची मला नको होती. मी मधल्या रांगेत, शेजारी सायली. पलीकडे बायांची बाजू, तिथे वनिता, आणि दोन रांगा पुढे छबुबाई, डोक्यावरून पदर, गाडीने मळमळतं म्हणून हातात लिंबू.

दिवे गेले आणि पिक्चर सुरू झाला.

खरं सांगतो, मी तो तोवर मोठ्या पडद्यावर बघितलेला नव्हता. डोंगर उजळला तेव्हा सगळं कार्यालय एकदम 'अग्गो' म्हणालं. आपलाच डोंगर, रोज ज्याच्याकडे आपण पाठ करून बसतो, तो असा दिसतो हे कुणाला माहीत नव्हतं. पहाटेची निळी कडा, मग पिवळी, मग दुपारी दगडांतून उठणारी झळ. पळसाच्या एका पानावरून सरकणारी मुंगी घराएवढी. कुणी बोलत नाही, गाणं नाही, नुसता वारा. आणि त्यात गहिनीनाथ सरपटतोय. माझ्या शेजारचा म्हातारा रडत होता. मला आठवलं की त्या दिवशी मला ह्यातलं काही दिसलं नव्हतं. मला नुसता समोरचा दगड दिसत होता, आणि त्याच्या पुढचा दगड. गहिनीनाथ माझ्यापेक्षा चांगला तहानलेला होता. हे मनात आलं आणि मी मांडीला चिमटा घेतला.

मग तो ओढ्यात आला. वाळू उकरायला लागला, बोटांनी, मग फुलपात्राने. तळाला पाणी चमकलं. त्याने फुलपात्र भरलं आणि हळूहळू उन्हाकडे उचललं. पडदाभर ते पितळ, त्यावर सूर्य, काठावर थरथरणारं पाणी. फुलपात्र जुनं दिसावं म्हणून कुणीतरी त्याला काजळी फासली होती, आणि ती काजळी कोरलेल्या ठिपक्या-ठिपक्यांत जाऊन बसली होती. फुलपात्र फिरलं. झिजलेलं नाव हातभर उंचीच्या काळ्या अक्षरांत पडद्यावर आलं.

सायलीला सवय आहे, एसटीत बसली तरी दिसेल ती पाटी वाचते. ती मोठ्याने वाचत गेली, "छबु... ताईस... भाऊ... हनुमान... कडून."

सगळं कार्यालय हसायला लागलं. बायांच्या बाजूला छबुबाई उठून उभी राहिली. उजेडाच्या झोताच्या मध्येच. डोंगरावर, ओढ्यावर, गहिनीनाथवर तिची सावली पडली.

"माझं फुलपात्र हाय ते," ती म्हणाली. "माझ्या भावानं दिल्यालं."

"बस की मावशे, पिक्चर हाय त्यो," मागून कुणीतरी ओरडलं. लोक अजून हसले. पडद्यावर गहिनीनाथ पाणी पिऊन उठला होता आणि निघाला होता. कॅमेरा वर वर गेला. तो लहान होत गेला, आणि मागे तांबड्या वाळूत तो उघडा झिरा, आभाळ धरून चमकणारा, तोही लहान होत गेला. पेपरवाल्यांनी ह्याच दृश्याचं कौतुक केलं होतं. मागून टाळ्या पडल्या.

छबुबाई बसली नव्हती. तिने पडद्याकडे हात केला.

"आरं, झाकला कावून न्हाई त्यानं?"

ह्या वेळी बाया हसल्या नाहीत. त्या बाजूला प्रत्येकीने कधी ना कधी झिरा घेतलेला होता. त्यांच्यात कुजबूज सुरू झाली, झाकला नाही, खरंच की, झाकला नाही. कुणीतरी पिक्चर थांबवला आणि दिवे लावले. छबुबाई रांगेतून बाहेर आली आणि पुढे जाऊन गहिनीनाथसमोर उभी राहिली. एवढीशी बाई, हातात लिंबू.

"माझं फुलपात्र तुज्यापाशी कसं आलं रं?"

मॅडम बोलायला उठल्या, "मावशी, ते आम्हाला..." गहिनीनाथने त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. मग त्याने मान वळवली आणि मधल्या रांगेत माझ्याकडे बघितलं. त्याला सगळं कळलं होतं. ड्रायव्हर माणूस आहे, आरशात बघून मागचं ओळखतो. आता हा बोट दाखवणार, मी मनात म्हणालो. वर्षभर ज्या तोंडाने 'अंगदभाऊचं हाय, अंगदभाऊचं हाय' म्हणत फिरला, त्याच तोंडाने आत्ता म्हणणार.

तो छबुबाईपुढे वाकला. "मीच आनलं, मावशे. डोंगरात घावलं मला. झिरा बी म्याच उघडा टाकला. चुकलं माझं." आणि त्याने तिच्या पायाला हात लावला.

तो त्या वर्षी सांगलीकडे कारखान्यावर टोळीची गाडी चालवत होता. वाडीतल्या निम्म्या लोकांना हे माहीत होतं. छबुबाईलाही माहीत असणार. पण ती त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "उट, लेकरा. उट. तुजा पाय दुकत असंल."

आणि त्या क्षणाला मला जे झालं ते मी लपवणार नाही. माझी लाज वाचली, ह्याचं मला सुख झालं नाही. मला संताप आला. माझं लंगडणं ह्याने घेतलं. माझी तहान घेतली. वनिताचे धपाटे खाल्ले. आणि आता माझी चूकही ह्यानेच उचलली, आणि त्याबद्दलची माफीसुद्धा ह्यालाच मिळाली. आठ वर्षं मी ज्या बाईच्या समोरून मान खाली घालून जातो, तिचा हात ह्याच्या डोक्यावर. ते तरी माझं होतं. एवढी एकच गोष्ट त्या डोंगरातली खरोखर माझी होती.

मी उठलो. माईक लागला नाही, आवाज मोठा निघाला.

"पडद्यावर जो तुमी बघितला, तो मी व्हतो."

आठ दिवस घोकलेलंच वाक्य ते. पुढचं भाषण खिशात राहिलं. मी रांगेतून वाट काढत निघालो. बायांच्या बाजूला वनिता उभी राहिलेली दिसली. सायली म्हणत होती, बाबा, कुठं चाललात? मी लंगडत छबुबाईपर्यंत गेलो, आणि मला वाटतं वर्षभरात पहिल्यांदा लोक माझ्या पायाकडे बघत होते.

"फुलपात्र मी नेलं, मावशे," मी म्हणालो. "पानी तुज्याच झिऱ्याचं पेलो. हातानी उकरलं बिकरलं समदं खोटं हाय."

तिने माझ्याकडे वर बघितलं. ती शिव्या देईल, असं मला वाटलं, द्याव्यात असंही वाटलं. तिने खाली वाकून माझ्या घोट्याकडे पाहिलं, जिथे हाड अजून वाकडं आहे.

"पाय मोडला व्हता न्हवं तुजा," ती हळू आवाजात म्हणाली. "मोडक्या पायानं दगुड वडता आला नसंल."

हेच तर मी आठ वर्षं स्वतःला सांगत होतो. ते तिने स्वतःहून माझ्या हातात आणून ठेवलं. सगळं कार्यालय ऐकत होतं. हो म्हटलं असतं, तर तिथेच सगळं संपलं असतं. गहिनीनाथ माझ्याकडे बघून मान हलवत होता, हो म्हणा, भाऊ, हो म्हणा.

"आला असता, मावशे," मी म्हणालो. "बाजूला म्याच सारला व्हता. हाताशीच व्हता."